चित्र गाडीतून पाहावे

आमच्या भागातल्या निम्म्याअधिक शाळांच्या भिंतींवर एक पृथ्वी रडताना दिसते. निळी-हिरवी, गोल, मोठाले डोळे, गालांवर दोन टपोरे थेंब आणि खाली ‘पाणी वाचवा’. आमगाव ते सालेकसा या पट्ट्यातल्या या सगळ्या पृथ्व्या एकाच गृहस्थांनी रडवल्या, आणि ते गृहस्थ माझ्या शाळेत चित्रकला शिकवायचे.

“पृथ्वीले डोळे नसतेत मॅडम,” ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. “पण बिना डोळ्याची पृथ्वी कोणी पास नाही करत.”

मी गणित शिकवायचे. रोज गोंदियाहून लोकलने आमगावला उतरायचे, तिथून स्कूटरने शाळेत, आणि संध्याकाळी तसंच परत जायचे. सर तासिकेवर होते. मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची कमळं आणि मोर, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला आणि एका पावसाळ्यात त्यांचे ब्रश वाळून काड्या झाले. या अपमानाचा सूड त्यांनी आपल्या पद्धतीने घेतला होता. वाटेत फ्लेक्स दिसला की ते डोळे मिटून घ्यायचे. सायकलवर असतानासुद्धा. वाढदिवसांच्या हंगामात ते दोनदा नालीत पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा हेडसरांनी त्यांना पायी यायला सांगितलं.

शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि तो माझ्या ताब्यात. त्या खोलीत सर पाऊल टाकायचे नाहीत. खिडकीतून खडू मागायचे, खिडकीतूनच परत द्यायचे. एका दुपारी मी कुठल्याशा फॉर्मसाठी एका मुलीचा फोटो शोधत होते. माझा हात चुकला आणि फोटो मोठा मोठा होत गेला. शेवटी पडद्यावर मुलगी उरली नाही, नुसते करडे-तपकिरी चौकोन राहिले. सर खिडकीत उभे होते.

“हे काय होय जी?”

“फोटोच आहे सर. जास्त मोठा झाला.”

सर दारातून आत आले, चपला घालून. त्या खोलीत मी हेडसरांनाही चपला काढायला लावायचे. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि एकेक चौकोन मोजू लागले. लहान चित्र मोठ्या भिंतीवर न्यायचं तर पेंटर लोक आधी चित्रावर चौकटी पाडतात, मग गेरूत बुडवलेल्या दोऱ्याने तेवढ्याच चौकटी भिंतीवर पाडतात, आणि या चौकटीतलं त्या चौकटीत उतरवत जातात. सरांनी जन्मभर हेच केलं होतं.

“हा बी चौकटीच टाकते!” ते ओरडले. “आपल्यावानीच! अन् लोकाइले सांगते का मी कॉम्प्युटर होय म्हणून!”

ते हसत हसत जमिनीवर बसले आणि उठायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून ते चपला बाहेर काढून आत यायला लागले. आल्या आल्या मशीनला म्हणायचे, “राम राम, पेंटर.”

मी त्यांना फोटोतले रंग कमी करायला शिकवलं. हजारो छटा एका बटणाने पन्नास होतात, पंचवीस होतात. सर सव्वीसवर थांबले. मध्यान्ह भोजनाच्या तेलाचे सव्वीस रिकामे डबे त्यांनी जमवले, प्रत्येकात एक छटा कालवली आणि फिक्याकडून गडदकडे नंबर घातले. हे चालू असताना त्यांना एक वाईट खोड लागली. माणसांना ते नावाऐवजी नंबराने ओळखू लागले. मी अकरा. हेडसर सोळा, चिडले की सतरा. सरपंच शाळेत आले होते, त्यांनी कौतुकाने आपला नंबर विचारला.

“तुमी एकवीस.”

“अन् हे?” सरपंचांनी स्वयंपाकाच्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे सया मावशी चुलीपुढे बसली होती. पंधरा वर्षं ती आमच्या शाळेचा भात शिजवत होती. त्याआधी उन्हाळाभर जंगलात तेंदूपत्ता तोडायची.

“मावशी बी एकवीस.”

सरपंचांचा चेहरा पडला. “तिचा अन् माहा नंबर एक कसा काय गा?”

“उन्हात बसवून पाहिलो, सावलीत बसवून पाहिलो. एकवीसच निघते.”

“मले एकोणीसमधी टाका.”

“एकोणीसचा डबा संपला जी,” सर म्हणाले, आणि तेवढ्यावर ती गोष्ट मिटली असं आम्हाला वाटलं.

गावच्या वेशीला, शाळेला लागून, धानाचं एक गोदाम आहे. त्याची मागची भिंत दोन मजली उंच, खिडकी नाही, दार नाही, आणि तोंड सरळ रेल्वे लाइनकडे. जिल्ह्यावरून साहेब पाहणीला येणार म्हणून ती रंगवायचा ठराव ग्रामपंचायतीने केला. काम अर्थातच सरांकडे आलं.

“एवढ्या भितीवर मोठी पृथ्वी बसंल,” सरपंच म्हणाले. “अश्रू बी मोठे काढा. गाडीतल्या लोकाइले दिसले पायजे.”

“हव जी,” सर म्हणाले. ते कधीच कोणाला नाही म्हणायचे नाहीत. हव म्हणायचे आणि आपल्याला हवं ते करायचे.

महिनाभर ते माझा मोबाईल घेऊन गावात फोटो काढत फिरले. सरपंच तीन वेळा नवं जॅकेट घालून उभे राहिले. शेवटी पेन ड्राइव्हवर एकच फोटो ठेवून सर माझ्याकडे आले. त्यात चुलीच्या धुरात डोळे बारीक केलेली सया मावशी होती. डोक्यावर निळा पदर, तोंड किंचित उघडं. फोटो काढताना ती म्हणत होती, ‘सरक ना बाप्पा, धूर तिकडं येऊन राहिला.’

“मावशीच का सर?” मी विचारलं.

“बाकी सगळे मोबाईल पाहून तोंड बदलवतेत. हे बाई नाही बदलवत. हिले टाइम नाही.”

त्यांनी मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. मग मी बटण दाबलं, मावशीचे तीन हजार चौकोन केले आणि प्रत्येकावर नंबर घातलेला कागद त्यांना काढून दिला.

पुढचे दोन महिने सर बांबूच्या परांचीवर राहिले. राहिले म्हणजे जवळजवळ तिथेच राहिले. डबा तिथेच खायचे. सातवीचा तास असला की वर्ग खाली सतरंजीवर बसायचा आणि सर वरून हजेरी घ्यायचे. “सातवा नंबर!” ते ओरडले की एक मुलगा उठून “हजर!” म्हणायचा, आणि कुठला तरी डबा हलवत सर म्हणायचे, “तू नाही रे, रंग!” सहामाहीला त्यांनी वरूनच विषय दिला, ‘समोर दिसते ते काढा’. सगळ्या वर्गाने सरांचे तळपाय काढले, कारण तेवढेच दिसत होते. सरांनी खाली उतरून वह्या पाहिल्या, पाय धुतले आणि ज्यांनी भेगा काढल्या होत्या त्यांना जास्त गुण दिले.

भिंतीवर चौकोन चढत गेले. वीतभर रुंद, वीतभर उंच, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. कोणी म्हणे, फरशी लावून राहिले. शेजारच्या गावचा एकजण तर न्हाणीघरासाठी अशीच फरशी कुठे मिळते हे विचारायला आला. सरपंच मात्र शांत होते. रोज संध्याकाळी येऊन डब्यांवरचे नंबर वाचायचे. एकदा हेडसरांना हळूच म्हणाले, “एकवीस नंबर बहुत लागून राहिला गा.” त्यांच्या मनात काय होतं ते तेव्हा मला कळलं आणि मी पेपर तपासायला निघून गेले. पुढच्या आठवड्यात सर वरच्या रांगांना निळा भरू लागले. सरपंचांनी आयुष्यात निळा फेटा बांधला नव्हता. त्या दिवसापासून ते अस्वस्थ दिसू लागले.

चित्र पुरं झालं, परांची उतरली, गाव जमलं. कोणालाच काही दिसलं नाही. भिंतीशी उभं राहिलं की नुसते चौकोन. मागे सरकावं तर चार पावलांवर लाइनचा उंच भराव. भरावावर चढावं तर रेल्वेचा माणूस शिट्टी फुंकत धावून यायचा.

“मंग हे कोठून दिसते?” सरपंचांनी विचारलं.

“गाडीतून.”

“म्हंजे गाववाल्याइनं आपल्याच गावची भित पाहाले तिकीट काढाव?”

“हव जी.”

हेडसरांनी शिपायाला मोबाईल देऊन लोकलने पाठवलं. त्याने आणलेल्या फोटोत विजेचा खांब आला होता, फार स्पष्ट. दुसऱ्या फोटोत त्याचा अंगठा. साहेब यायला दहा दिवस उरले होते. सरपंचांनी चुन्याची पोती आणून शाळेच्या ओट्यावर टाकली. भिंत पांढरी करायची आणि वर पृथ्वी. सर जाऊन त्या पोत्यांवर बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते बसले, आणि मधल्या सुट्टीनंतरचे तास त्यांनी तिथूनच घेतले. तिसऱ्या दिवशी सरपंच त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

“काऊन बसून राहिले जी इथं?”

“एक बार गाडीतून पाहा. नाही पटलं तं मीच चुना फासतो.”

रविवारी सकाळी आम्ही वीस-बावीस जण सालेकशाच्या प्लॅटफॉर्मवर जमलो. सरपंच नव्या जॅकेटात, हेडसर, पंचायतीचे लोक, गावातल्या बायका. मावशीही होती, कारण ‘मावशी नाही तं मी बी नाही’ असं सरांनी सांगितलं होतं. ती कुरकुरत आली होती. “मले कायले नेता? मी रोजच पाहतो ना ते भित.” ती आधी गाडीत बसली नव्हती असं नाही, पण बसली ती दाराशी, खाली, ओझं धरून. सरांनी सगळ्यांना सूचना दिल्या. चौकट पाहू नका, अख्खी भिंत पाहा. डोळे बारीक करा, झोप आल्यावानी. गाडी यायला वेळ होता म्हणून लोक तिथेच सराव करू लागले. समोरच्या बाकावरचं एक अनोळखी कुटुंब बावीस माणसं आपल्याकडे डोळे बारीक करून पाहताहेत हे बघून सामान उचलून दुसऱ्या टोकाला गेलं.

गाडी आली. आम्ही डाव्या बाजूच्या खिडक्या धरल्या. गोदामाचं छप्पर दिसलं, सर ओरडले, “आता!” आणि त्याच क्षणी शेजारच्या लाइनवर एक मालगाडी आडवी आली. कोळशाचे डबे, एकामागून एक. ते संपले तेव्हा गोदामही संपलं होतं.

“हे होय तुमचं चित्र?” सरपंच म्हणाले. “कोळसा?”

आमगावला उतरून सगळ्यांनी आलूबोंडे खाल्ले. सरपंच ऑटोने परत जायला निघाले होते. सरांनी त्यांच्या जॅकेटचं टोक धरून ठेवलं, लहान पोरासारखं. परतीची गाडी आली ती गच्च भरलेली. आता भिंत दुसऱ्या बाजूला येणार होती आणि त्या बाजूच्या खिडकीत छत्तीसगडकडचा एक माणूस पोतं घेऊन बसला होता. सर त्याला हिंदीत म्हणाले, “भैया, बाई को जरा खिडकी दो. उसको अपना मुँह देखना है.”

“उल्टी होगी क्या?” त्याने विचारलं, आणि पोत्यासकट एका उडीत बाजूला झाला.

मावशी खिडकीशी बसली. आम्ही तिच्या मागे, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून. या वेळी मालगाडी नव्हती. गोदाम आलं. आधी चौकोन दिसले, मग ते हलले, एकमेकांत शिरले, आणि भिंतीतून सया मावशीने वर पाहिलं. दोन मजली. निळा पदर, धुराने बारीक झालेले डोळे, तोंडात अर्धवट राहिलेलं वाक्य. अख्ख्या गाडीला ‘सरक ना बाप्पा’ म्हणत असल्यासारखी. भाताचं झाकण उघडून पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. मग बाभळी आल्या.

पोतंवाल्याने बाहेर पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि हात जोडले. सरपंच मावशीकडे एकटक बघत होते. इतकी वर्षं शाळेच्या कार्यक्रमांना ती त्यांना ताट वाढत होती, पण त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. ते पुटपुटले, “एकवीस नंबर उठून दिसते पण.”

मावशी खिडकीतून वळली. तिने सरांना विचारलं, “माही फुली कोठं गेली?”

“काय वो मावशी?”

“नाकातली फुली. भितीवरच्या बाईच्या नाकात फुली नाही.”

सरांचा रंग दोन नंबरांनी उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं, कारण बटण मीच दाबलं होतं. चौकोनात जेवढे रंग असतात त्या सगळ्यांचा मशीन एकच रंग करतं. फुली एका चौकोनापेक्षा लहान होती. ती नाकात विरघळली.

“माहा माणूस गेला तवा बायका म्हणत, काढ,” मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “सासू म्हणे, काढ. मी नाही काढली. अन् तुमच्या मशीननं काढली?”

सालेकसा येईपर्यंत सर दाराशी उभे राहिले. प्लॅटफॉर्मवर उतरल्यावर सरपंचांनीच निकाल दिला. आवाज असा, जणू चित्र पहिल्यापासून त्यांचंच.

“आमच्या गावच्या बाईच्या नाकात फुली नाही, गाडीतले लोक काय म्हणतीन? चुना वापस करा. पहिले फुली लावा!”

परांची पुन्हा बांधली गेली, पण या वेळी एका चौकोनापुरती. सरांनी डबे बाजूला ठेवले. पेटीतून त्यांचे जुने बारीक ब्रश काढले, पाट्यांवरच्या अक्षरांना सोनेरी कडा द्यायचे ते. मॉडेल समोर हवं म्हणाले. मावशी फुली काढून देणार नव्हती, तो प्रश्नच नव्हता. तेव्हा सुट्टीनंतर भांडी घासून झाली की मावशीच शिडी चढून वर जायची आणि नाकाची ती बाजू सरांकडे करून लसूण सोलत बसायची. खाली सालं पडायची. वर दोघं भांडत असायची.

“हालू नका.”

“लसून सोलून राहिलो, हात हालंलच.”

“हात हालवा. नाक नोका हालवू.”

सहा दिवस लागले. तीन हजार चौकोनांतला तो एक चौकोन सरांनी जुन्या पद्धतीने रंगवला. मधे लाल खडा, त्यात खिडकीचं प्रतिबिंब, भोवती सात पिवळे मणी, प्रत्येकाखाली सावली. सातवा मणी किंचित झिजलेला, कारण मावशीचा तसाच होता.

पाहणीचे साहेब जीपने आले. सगळे त्यांना गाडीने चला म्हणत होते, पण त्यांना वेळ नव्हता. ते भिंतीखाली उभे राहिले, मान वर करून बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांना एकच गोष्ट ओळखू आली.

“ते वर काय आहे?”

“फुली, सर,” हेडसर म्हणाले.

“कशाची?”

“नाकाची, सर.”

“नाक कुठे आहे?”

“ते गाडीतून दिसते, सर.”

साहेबांनी हेडसरांकडे काही वेळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. नंतर कागद आला त्यात होतं, ‘भित्तिचित्र : फुली एक. उर्वरित भिंत रंगवणे बाकी.’ सरपंचांनी तो कागद कुठे ठेवला कोणास ठाऊक. भिंत तशीच राहिली.

गावातल्या बायकांना मात्र गाडीची गरज पडली नाही. लग्नाआधी मुलीला घेऊन भिंतीखाली यायच्या आणि वर बोट दाखवून सोनाराला काय सांगायचं ते ठरवायच्या.

सरांची तासिका उन्हाळ्यात संपली. जूनमध्ये त्या जागेवर कायमचे शिक्षक आले. सर चिचगडला मुलीकडे जायला निघाले तेव्हा मी स्कूटर घेऊन त्यांना बस थांब्यावर भेटायला गेले. एक पेटी, ब्रशची गुंडाळी आणि गळ्यात दुपट्टा. मी सहज विचारलं, “सर, फुली लावल्यावर गाडीतून पाहिलंत का एकदा?”

“नाही.”

“मग आधी पाहिलं तेवढंच.”

“आधी कोठं पाहिलो?” ते म्हणाले. “जाताना कोळसा आला. येताना मी मावशीच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो. तिले दिसलं का नाही ते पाहा लागत होतं ना.”

म्हणजे ते चित्र या माणसाने कधीच पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, “चला, दुपारची लोकल आहे. मी येते सोबत. बस संध्याकाळी धरा.”

“नोको मॅडम.”

“का पण?”

“पाहीन तं चुका दिसतीन. मंग मले पुन्हा परांची बांधा लागंल.” ते हसले. “मशीनले राम राम सांगा.”

बस आली, ते चढले आणि गोदामाच्या बाजूचीच खिडकी त्यांच्या वाट्याला आली. वाटेतलं रेल्वे फाटक बंद होतं. तिथून भिंतीची तिरपी कड तेवढी दिसते. बस तिथेच थांबली, मी मागे स्कूटरवर. लोकल आली. ती गोदामासमोरून जाताना एका खिडकीतली बाई कडेवरच्या पोराला भिंतीकडे बोट करून काही दाखवत होती. मी बसकडे पाहिलं. सरांनी दुपट्टा डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता आणि आत ते ताठ बसले होते. कंडक्टर त्यांच्यापाशी येऊन थांबला, दोनदा काहीतरी विचारलं. सरांनी दुपट्टा काढला नाही. त्याच्या खालून नोट धरलेला एक हात तेवढा बाहेर आला.

“चिचगड, एक,” आतून आवाज आला. “अन् फाटक उघडलं का मले सांगजा.”